बाजरीवर गहू

नमस्कार श्रोतेहो. "मी माणूस बघताक्षणी ओळखतो," असं छातीठोकपणे सांगणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. आमच्या घरात ते मीच होतो. होतो म्हणतोय, कारण एका गिरणीवाल्यानं माझी ती खोड मोडली.

2006 सालची गोष्ट. मी बँकेत होतो आणि बदली होऊन साताऱ्याला घरी आलो होतो. भारनियमनाचे दिवस. लाइट जायच्या आत दळण व्हायला हवं, म्हणून रविवारी सकाळी आठलाच मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत. पहिल्याच खेपेला शंभराची नोट दिली. गिरणीवाला म्हणाला, "साहेब, सुट्टे आणत जा." मी म्हटलं, "गल्ल्यात नाहीत का?" झालं. एवढीच आमची ओळख.

पुढच्या रविवारी माझा नंबर पहिला. त्यानं माझा डबा पायानं मागे सरकवला. पायानं! अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणारं आमचं घर. आणि माझ्यामागून आलेल्या बाईंचं दळण आधी घातलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. डबा मागे, दुसऱ्याचं दळण आधी. मी मनाशी पक्कं केलं, हा माणूस खुनशी आहे. सुट्ट्या पैशांचा राग काढतोय.

आणि एकदा खुनशी ठरला ना, की मग पुरावे आपोआप गोळा होतात. तो "साहेब" म्हणाला, की मला टोमणा वाटायचा. पापण्यांवर पीठ साचलेलं, त्यातून तो माझ्याकडे बघायचा, ते रोखून वाटायचं. माझं दळण चालू असताना लाइट गेली, तर तीसुद्धा त्यानंच घालवली असं वाटायचं. हसू नका, खरंच वाटायचं.

चार महिने काढले. मग तडक दुसरी गिरणी धरली. काय अगत्य! "या साहेब, बसा, तुमचं आधी घालतो." दहा मिनिटांत गरम पीठ हातात. मी आईला सांगितलंसुद्धा, माणूस असावा तर असा.

दुपारी ताटात पोळी आली, ती काळपट. आईनं पिठाची चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाली, "अरे, बाजरीवर दळलंय हे. कुठून आणलंस?" मी सांगितलं. तर म्हणते, "आपल्या गिरणीवाल्याला मी बजावून ठेवलंय, बाजरीवर आमचा गहू घालू नको. आधी दुसऱ्या कुणाचा गहू जाऊ दे, मग आमचा घाल."

म्हणजे बघा, माझा डबा मागे जात होता तो आईच्या शब्दाखातर. डबा तोच, गिरणी तीच. माझ्या डोक्यात मात्र भलतीच गोष्ट दळली जात होती.

(त्या मागून आलेल्या बाईंना काळपट पोळ्या मिळत होत्या, हा भाग वेगळा. त्याबद्दल आई काही बोलली नाही.)

कानकोंडा होऊन परत जुन्या गिरणीत गेलो. पिठाच्या कापडी नळीवर थापा मारत तो म्हणाला, "साहेब, तुमचा आमच्यावर भरवसा नाही, म्हणून गेलात ना? दर वेळी इथं उभं राहून वजनाच्या काट्याकडं बघायचात." मी काट्याकडे बघायचो? काट्याच्या बरोब्बर वर भिंतीवर घड्याळ होतं हो! लाइट जायला किती वेळ उरलाय, ते मी बघायचो. म्हणजे मी त्याला खुनशी ठरवला होता आणि त्यानं मला संशयी. दोघांकडेही पुरावे भरपूर.

मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केलेत. हॅरॉल्ड केली यांचा एक प्रयोग 1950 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांपुढे एक नवा शिक्षक उभा केला. आधी त्याची ओळख लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. अर्ध्या चिठ्ठ्यांत लिहिलं होतं की हा खूप प्रेमळ आहे, अर्ध्यांत की तसा थंड आहे. बाकी मजकूर तोच, शिक्षक तोच, वर्गही तोच. प्रेमळ वाचलेल्यांना तो मनमिळाऊ आणि विनोदी वाटला. त्यांच्यातले 56 टक्के त्याच्याशी चर्चेत बोलले. थंड वाचलेल्यांतले फक्त 32 टक्के. दोन शब्दांचा फरक, आणि कितीतरी मुलं बोलायचीच थांबली. माणूस तोच, बरं का. माणूस तोच.

आणि आपण? कांदेपोह्यांच्या बशीभोवती वीस मिनिटं बसून मुलगी "शांत स्वभावाची" आहे असं ठरवतो. परक्या घरी, दहा अनोळखी माणसांसमोर ट्रे धरून कोण दंगा करणार आहे? मला विचाराल तर हा कार्यक्रम गिरणीत ठेवावा. लाइट जायच्या बेतात असावी आणि आपला नंबर तिसरा असावा. माणसं तिथे कळतात.

तो गिरणीवाला आता थकलाय. परवा गेलो, तर आधी बाजरी चालली होती. त्यानं माझ्याकडे न बघताच डबा मागे ढकलला. मी मुकाट्यानं बाकावर बसलो. पायानं ढकलतो, ते मात्र मला अजूनही खटकतं. नमस्कार.