मोज्याला कळत नाही, चपलेला कळतं

पिंट्या, लाईट घालव रे. हां. हे दोन ग्लास बघा. दोन्हीत चिमूटभर हळद, आपल्या सांगलीचीच. एकात पाणी, एकात स्पिरिट. दोन्ही गाळून घेतलंय. आता ही नोटा तपासायची टॉर्च मारते.

बघितलं? स्पिरिटवाला हिरवट-पिवळा उजळला, पाण्यातला जवळपास मुका.

हळद तीच, टॉर्च तीच. फरक शेजाऱ्याचा, म्हणजे भोवतालच्या द्रवाचा. हळदीतलं कुरकुमीन टॉर्चची ऊर्जा घेतं. स्पिरिटमध्ये त्यातली बरीच उजेड होऊन बाहेर येते, पाण्यात एक तर ते विरघळतंच फार थोडं, आणि जे विरघळतं त्याचीही ऊर्जा बहुतेक उष्णता होऊन मुरते. शेजारी बदलला की उजेड बदलतो, आजचा सगळा खेळ याच्यावरच आहे.

प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं. ग्लायसीन सोडलं तर प्रत्येकाची दोन रूपं, एल आणि डी, डाव्या-उजव्या हातासारखी. वजन तेच, वितळायचं तापमान तेच. आपली प्रथिनं एलची. पण जिवाणूंच्या पेशीभित्तीत डी-अलॅनीन असतं, आपल्या मेंदूत डी-सेरीन निरोप पोचवायला मदत करतं. मग कुठलं किती, हे ओळखायचं कसं?

१८४८ साली लुई पाश्चरनं टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे खडे चक्क हातानं निवडले. (हे आम्ल तासगावच्या द्राक्षातही असतंय बरं का.) पण पाश्चरचं नशीब थोर. बहुतेक पदार्थ असे वेगळे खडे धरतच नाहीत.

म्हणून ओळखणाराच डावा-उजवा लागतो. मोज्याला पाय कुठला ते कळत नाही, चपलेला कळतं. इथली चप्पल म्हणजे बायनॉल नावाचा रेणू. दोन चपट्या पाट्या एका बंधानं जोडलेल्या, पिळून उभ्या. एकमेकींना अडतात, त्यामुळं पीळ सुटत नाही. पीळ डावा किंवा उजवा. त्याला अल्डिहाइड नावाच्या अणूंच्या गटाचा हूक लावायचा, त्यात अमिनो आम्ल अडकतं, आणि जस्त दोघांना आवळून धरतं. जे रूप नीट बसतं, त्याच्यासोबत रेणू ताठ होतो, टॉर्चची ऊर्जा हलण्याडुलण्यात वाया जात नाही, उजेड पडतो. दुसरं रूप बसतं वेडंवाकडं. तिथं अंधुक.

नुसता उजेड बघून फसू नका हं. माल जास्त असला तरी उजेड वाढतो, त्यामुळं एकूण आम्ल किती तेही मोजावं लागतं. आणि खात्री करायची तर उलट्या पिळाचा बायनॉल घ्यायचा. मघाशी उजळलेलं रूप आता अंधुक दिसायला हवं. नाही दिसलं तर आपलंच कायतरी चुकलंय.

पिंट्या, लाव लाईट.