पाय कधी उचलायचा? फॉर्म्युला ई ड्रायव्हरचं खरं काम

[कॅमेऱ्यासमोर महावितरणचं बिल धरून]

हे वीजबिल बघा. ठाण्यातल्या कुठल्याही घरात येतं तसलंच. यात ‘युनिट’ असा रकाना आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट ओढतो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तर छत्तीसेक युनिट होतात.

फॉर्म्युला ई म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक शर्यतमालिका. तिच्या जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या गाडीच्या बॅटरीत शर्यतीसाठी वापरता येणारी वीज किती? ३८.५ युनिट. गाडी ताशी ३२२ किलोमीटरपर्यंत जाईल अशी बनवलेली, शर्यत पाऊण तासाच्या आसपास, आणि वीज एका बेडरूमच्या एसीला दिवसभर लागते तेवढी. या खेळातलं ड्रायव्हरचं करिअर बनतं ते याच आकड्यावर, आणि बिघडतं तेही इथेच.

[पडद्यावर: ३८.५ ÷ ३००]

शर्यतीत गाडीला जास्तीत जास्त ३०० किलोवॉट ताकद वापरायची मुभा असते. ३८.५ ला ३०० ने भागा. उत्तर येतं ७ मिनिटं ४२ सेकंद. म्हणजे थ्रॉटल (वेग देणारं पेडल) पूर्ण दाबून ठेवला तर आठ मिनिटांच्या आत बॅटरी रिकामी! ब्रेक मारताना मोटर जनरेटर बनते आणि वीज परत भरते, त्याला रीजन म्हणतात. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास ४० टक्के अशी परत मिळवायची, असा जेन ३ चा आराखडा. तेही धरलं तर एकूण ६४ युनिट होतात, म्हणजे पूर्ण ताकदीची तेरा मिनिटंसुद्धा नाहीत. उरलेला वेळ ड्रायव्हर काय करतो?

पाय उचलतो.

याला ‘लिफ्ट अँड कोस्ट’ म्हणतात. सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारायच्या आधीच थ्रॉटल सोडायचा आणि गाडी तशीच वाहू द्यायची. ऐकायला सोपं आहे. आता आकडे बघू.

ताशी २०० ने जाणारी गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर कापते. ब्रेकच्या जागेच्या ५० मीटर आधी पाय उचलला तर ०.९ सेकंद मोटरला वीज गेली नाही. ३०० किलोवॉट गुणिले ०.९ सेकंद, म्हणजे ०.०७५ युनिट. चिल्लर वाटते ना? आता एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, अशा तीन जागा धरा आणि तीस लॅपची शर्यत धरा. ९० वेळा पाय उचलला. ६.७५ युनिट वाचले, बॅटरीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त. प्रत्यक्षात बचत यापेक्षा थोडी कमी भरते, कारण वाहत येताना वेग उतरतो आणि मग ब्रेकमधून परत मिळणारी वीजही कमी होते. पण हिशेबाचा अंदाज आला असेल.

मग शेवटचे ५० मीटरच का सोडायचे? वळणातून बाहेर पडतानाचे का नाही? कारण हवेचा अडथळा. वेग दुप्पट झाला की तो कापायला लागणारी ताकद आठपट होते. सरळ रस्त्याच्या शेवटाला वीज सर्वात जास्त जळते, आणि तिथे कमावलेला वेग पुढच्या क्षणी ब्रेकमध्ये घालवायचाच असतो. वळणातून बाहेर पडताना मिळवलेला वेग मात्र अख्खा सरळ रस्ता कामी येतो. म्हणून तिथे कंजूषी करणारा ड्रायव्हर वेळही घालवतो आणि वीजही फारशी वाचवत नाही. नवख्यांची नेहमीची चूक हीच: सगळीकडे थोडा थोडा पाय सैल.

आता ब्रेक. ठाणेकरांना हे येऊरच्या रस्त्यावर समजेल. समजा इलेक्ट्रिक गाडी वरती कुणाच्या बंगल्यावर १०० टक्के चार्ज केली आणि उपवनच्या दिशेने उतरायला लागलात. रोज पाय उचलला की गाडी आपोआप धरते, आज धरतच नाही. काही बिघडलेलं नसतं. बॅटरी भरलेली असते, परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते.

शर्यतीच्या गाडीत हेच, फक्त जीवघेण्या प्रमाणात. जेन ३ मध्ये मागच्या मोटरची ३५० आणि पुढच्या मोटरची २५० अशी मिळून ६०० किलोवॉटपर्यंत रीजन होते. मागच्या चाकांना रोजच्या वापराचे घर्षणाचे ब्रेक नाहीतच, तिथलं थांबवण्याचं काम मोटर करते. त्यामुळे बॅटरी किती भरलेली आहे, किती तापलेली आहे, यावर पेडलखालचं वागणं बदलत जातं. पहिल्या लॅपला जिथे ब्रेक मारला तिथेच विसाव्या लॅपला मारला तर गाडी तशीच थांबेल असं नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं ब्रेकचं वाटप स्टिअरिंगवरून सतत बदलावं लागतं. पॉवर स्टिअरिंग नाही. टायर हॅन्कूकचे, खाचांचे, कोरड्या आणि ओल्या रस्त्याला तेच, आणि ते आधी गरम करून ठेवायची ब्लँकेटं नाहीत. त्यामुळे क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत, टायर तापवण्याचा लॅप बिघडला की पुढचा वेगवान लॅप गेलाच म्हणून समजा.

क्वालिफाइंग म्हणजे नेमकी उलटी परीक्षा. ड्रायव्हरांचे दोन गट, प्रत्येकातले पहिले चार पुढे, मग एकास एक अशा लढती: उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. गटात ३०० किलोवॉट, लढतीत ३५०. तिथे वाचवायचं काही नाही, सगळं ओतायचं. सकाळी उधळ्या आणि दुपारी कंजूष, अशी दोन माणसं एकाच हेल्मेटमध्ये लागतात. आणि बऱ्याचदा सराव, क्वालिफाइंग, शर्यत हे सगळं दीड दिवसात उरकतं.

हिशेब चुकला की काय होतं, त्याची दोन उदाहरणं.

पहिलं, व्हॅलेन्सिया, २४ एप्रिल २०२१. तेव्हा शर्यत ४५ मिनिटं अधिक एक लॅप अशी असे. अपघात झाला की सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी येते, ती सेफ्टी कार. तिच्यामागे हळू जाताना वीज वाचते, म्हणून तेवढी वीज प्रत्येकाच्या कोट्यातून कापायचा नियम होता. त्या दिवशी सेफ्टी कार पाच वेळा आली आणि कापत कापत १९ युनिट गेले. शेवटी आघाडीवरच्या अँटोनियो फेलिक्स द कोस्टाने वेळ संपायच्या काही सेकंद आधी रेषा ओलांडली. एका लॅपऐवजी दोन लॅप बाकी राहिले. पुढचं दृश्य रिक्षातला गॅस संपावा तसं: एकामागून एक गाड्या रांगत, थांबत. निक डी व्रीस जिंकला. आता शर्यत ठरावीक लॅपची असते आणि सेफ्टी कार आली तर लॅप वाढवतात. ड्रायव्हरला म्हणूनच दोन हिशेब डोक्यात ठेवावे लागतात, आजचा आणि ‘लॅप वाढले तर’चा.

दुसरं, मिसानो, एप्रिल २०२४. शनिवारी द कोस्टा पहिला आला, पण थ्रॉटल पेडलमधली एक स्प्रिंग मंजूर यादीतली नव्हती म्हणून बाद झाला. एवढीशी स्प्रिंग! विजय गेला निसानच्या ऑलिव्हर रोलंडला. रविवारी तोच रोलंड शेवटच्या लॅपला सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याची वापरायची वीज संपली. जिंकला पास्कल वेर्लाइन.

रोलंडकडे जरा थांबूया, कारण या खेळातलं करिअर कसं वेडंवाकडं जातं ते त्याच्यात दिसतं. २०१५ ला फॉर्म्युला रेनॉ ३.५ चा विजेता, २०१७ ला फॉर्म्युला २ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, तिसरा, तरी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जागा नाही. २०१८ पासून निसानमध्ये. मग महिंद्रात. २०२३ च्या हंगामात मोनॅकोनंतर अर्ध्यातच बाहेर. पुन्हा निसान, मिसानोची ती रविवार दुपार, आणि जुलै २०२५ मध्ये बर्लिनला दोन शर्यती शिल्लक असतानाच विश्वविजेता. सिंगल सीटरमध्ये, म्हणजे एका सीटच्या शर्यतीच्या गाड्यांत, पंचविशीत गाडी सुटली की संपलं असं आपल्याकडे मानतात. इथे अनुभवाला भाव आहे, कारण घोळक्यात कुणाच्या मागे राहायचं ते शाळेत शिकवत नाहीत.

घोळका म्हणजे काय? सपाट, रुंद ट्रॅकवर पुढची गाडी हवा कापते आणि मागचा फुकटात वीज वाचवतो. म्हणून पुढे राहायला कुणीच तयार नसतो. लोकलमध्ये घाटकोपरला उतरायचं असेल तर कुठून दाराकडे सरकायचं हे जसं रोजच्या माणसाला कळतं, तसं पाचव्या-सहाव्या जागी बसून राहायचं आणि योग्य लॅपला सरकायचं. त्यात अटॅक मोड. वळणाच्या बाहेरच्या बाजूला आखलेल्या पट्ट्यावरून गाडी न्यायची, तिथे वेळ जातो, बदल्यात ५० किलोवॉट जास्त मिळतात. २०२४-२५ पासूनच्या जेन ३ इव्होमध्ये तेवढ्या वेळापुरती पुढची चाकंही ओढायला लागतात. बहुतेक शर्यतींत याची एकूण मिनिटं आठ. घोळक्याच्या मधोमध असताना घेतलात तर चार गाड्या पुढे निघून जातात, म्हणून मागे मोकळी जागा बघून घ्यायचा.

आता भारतातून फॉर्म्युला ईपर्यंत पोचायचं कसं? भारतातून नियमित जागा मिळालेले दोघेच. करुण चंढोक, महिंद्रासाठी, पहिल्याच २०१४-१५ च्या हंगामात. आणि आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला. २०११ ला फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेतून निवडला गेला, युरोपात कार्टिंग, डिसेंबर २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. मग महिंद्राचा राखीव ड्रायव्हर आणि २०२३-२४ मध्ये मासेराटीत पूर्ण हंगाम. गुण थोडेच मिळाले, पुढच्या वर्षी जागा राहिली नाही. यात हुशारीचा प्रश्न कमी आणि सरावाचा जास्त आहे असं आम्हाला वाटतं. ट्रॅकवर सराव इतका मोजका मिळतो की पहिलं वर्ष बहुतेकांचं शिकण्यातच जातं, आणि टीम दुसरं वर्ष देईलच असं नाही.

कागदपत्रं थोडक्यात. भारतात शर्यतीचं लायसन्स एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना देते. सुरुवात कार्टिंगने, म्हणजे छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांनी: रोटॅक्स मॅक्सची राष्ट्रीय स्पर्धा आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे. रेंटल कार्टवर हात बसतो, पण तिथे सगळी कार्ट सारखी नसतात, त्यामुळे मित्राला मागे टाकलं म्हणून हुरळून जाऊ नका. पुढे कोइंबतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर फॉर्म्युला एलजीबी ४ ही देशी स्पर्धा, मग इंडियन एफ ४ (फॉर्म्युला ४). तिथून परदेश, आणि तिथे आकडे लाखांतून कोटींत जातात. एफआयए म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना. तिचे सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वनसाठी लागणाऱ्या लायसन्सचे, गुण असे: एफ ४ जिंकलात तर १२, एफ ३ जिंकलात तर ३०, एफ २ मध्ये पहिल्या तिघांत आलात तर ४०. फॉर्म्युला ईसाठी ई-लायसन्स लागतं, त्याचा नेहमीचा रस्ता तीन वर्षांत २० गुण, शिवाय विजेच्या सुरक्षेचं प्रशिक्षण. म्हणजे एफ ४ एकदा जिंकून भागत नाही.

ते प्रशिक्षण औपचारिकता नाही. गाडी धडकली की आधी वरचा दिवा बघायचा. हिरवा असेल तर नेहमीसारखं उतरा. लाल असेल तर गाडीच्या सांगाड्यात वीज उतरलेली असू शकते. मग एक पाय गाडीवर आणि एक जमिनीवर असं कधीच नाही. उभं राहायचं आणि दोन्ही पायांनी एकदम बाहेर उडी मारायची.

रात्री पाम बीच रोडवर गाडी पळवणं हा सराव नाही. त्यातून पाय उचलणं तर मुळीच शिकता येत नाही.

सिम्युलेटरवर मात्र शिकता येतं. टीमही तिथेच जगतात, राखीव ड्रायव्हरचं बरंचसं काम तिथलंच. त्याला खेळणं समजणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये ऑडीच्या डॅनियल आब्टने ऑनलाइन शर्यतीत आपल्या जागी दुसऱ्याला बसवलं, आणि त्याची खऱ्या गाडीतली जागा गेली.

घरी सुरू करताना पैसे स्टिअरिंगवर उधळू नका, ब्रेक पेडलवर घाला. लोड सेलवालं घ्या. ते पेडल किती खाली गेलं ते मोजत नाही, किती जोर लावला ते मोजतं, आणि पायाला जोर लक्षात राहतो. पूर्ण ब्रेकला ३०-४० किलोचा जोर ठेवून सुरुवात करा. चाकांची ऑफिसची खुर्ची चालणार नाही, ब्रेक दाबला की मागे सरकते.

आर फॅक्टर २ या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये फॉर्म्युला ईच्या गाड्या आहेत. एक ट्रॅक निवडा. पाच लॅप पूर्ण ताकदीने मारा, वेळ आणि दर लॅपला गेलेली वीज वहीत लिहा. मग फक्त एका वळणाआधी ५० मीटर पाय उचलून पाच लॅप, तेच लिहा. मग दुसरं वळण, मग तिसरं. प्रत्येक वळणासाठी एक भागाकार: किती वीज वाचली भागिले किती वेळ गेला. ज्याचा आकडा मोठा, तिथे आधी पाय उचलायचा. लांब रस्त्यानंतरची हळू वळणं बहुतेक वर येतील. वेगवान वळणाचा आकडा वर आला तर आधी तुमची नोंद तपासा.

आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर रिगखाली, म्हणजे स्टिअरिंग-पेडलच्या सांगाड्याखाली, जिममध्ये वापरतात तसल्या जाड रबरी मॅट दोन थर घाला. हेडफोन लावून तुम्हाला कळत नाही, पण चाळीस किलोचा ब्रेक दर दहा सेकंदाला दाबला की खालच्यांच्या छताला धप्प धप्प ऐकू येतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुढचा मेसेज तुमच्याच नावाने असतो.