छापलेली नव्हे, बर्न केलेली

माझ्या हातात दोन सीडी आहेत. मागच्या रांगांना नीट दिसणार नाहीत, म्हणून सांगतो. पहिलीची खालची बाजू चंदेरी आहे, आरशासारखी. दुसरीची हिरवट-निळी. दोन्हींवर १९५० च्या दशकातले पॉप अल्बम आहेत आणि दोन्ही मी रीतसर विकत घेतल्या आहेत. माझा निम्म्याहून जास्त संग्रह आता या हिरवट-निळ्या जातीचा झालाय, आणि आज मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

छापील सीडीत माहितीचे बारीक खळगे प्लास्टिकमध्ये साच्यानेच उमटतात, आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. त्यासाठी आधी काचेचा मास्टर करायचा, त्यावरून धातूचा साचा काढायचा. हा खटाटोप काही शे प्रतींसाठी परवडतो, चार प्रतींसाठी नाही. बर्न केलेल्या सीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसर त्या थरात खुणा भाजतो. तुम्हाला दिसतो तो हिरवट-निळा रंग त्याचाच. ऑर्डर आली की एक प्रत बर्न करायची, कव्हर प्रिंटरवर काढायचं आणि पाठवून द्यायची. गोदाम लागत नाही, शिल्लक माल राहत नाही.

यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत फोकवेज ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि पुढच्या चार दशकांत दोन हजारांवर अल्बम काढले. एखादा अल्बम खपत नाही म्हणून तो यादीतून काढायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. १९८७ मध्ये अमेरिकेत संग्रहालयं चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने ती कंपनी घेतली, तेव्हा एकूण एक अल्बम कायम उपलब्ध ठेवायचा, ही अटच होती. त्यांनी ती पाळली; आधी मागणीनुसार कॅसेट करून देत, मग बर्न केलेल्या सीडी. ते मुख्यतः लोकसंगीत होतं, पण तीच पद्धत पुढे जुन्या पॉपलाही लागू पडली. कोलंबियाने लाँग प्ले रेकॉर्ड आणली तीही १९४८ मध्येच. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत वाद्यवृंदासोबत गाणारे गायक, चौकडीने गाणारे गट, नुसतं वाद्यसंगीत, यांचे अल्बम किती निघाले याला गणतीच नाही. पहिल्या रांगेतली नावं दुकानातून कधी हललीच नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्यांचं काय? एकदा छापले, संपले, गेले. मागणीनुसार बर्न करण्यामुळे आणि डाउनलोडमुळे ही माणसं परत ऐकायला मिळाली. मी त्याबद्दल कृतज्ञ आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तक्रारी येणार आहेत.

त्याआधी थोडा कायदा, कारण त्याशिवाय या सीडी एवढ्या संख्येने कुठून आल्या ते कळत नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ५० वर्षं राहत. नोव्हेंबर २०१३ पासून ती मुदत ७० वर्षांची झाली, पण आधीच मुक्त झालेली मुद्रणं पुन्हा बंदिस्त झाली नाहीत. म्हणजे १९६२ पर्यंत निघालेलं जवळपास सगळं तिथे मोकळं राहिलं. अमेरिकेत नेमकं उलटं. २०१८ च्या कायद्यानुसार १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीपर्यंतची मुद्रणं थेट २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. १९५८ चा एखादा अल्बम अटलांटिकच्या एका काठावर सर्वांचा, दुसऱ्या काठावर कुलुपात. मुदतवाढीचा फायदा मिळवायचा तर मुद्रण झाल्यापासून ५० वर्षांच्या आत ते प्रकाशित व्हायला हवं होतं. म्हणून २०१२ च्या डिसेंबरात सोनीने बॉब डिलन यांची आधी न निघालेली जुनी मुद्रणं युरोपात काढली: चार बर्न केलेल्या सीडींचा संच, सुमारे शंभर प्रती. एवढ्या मोठ्या कंपनीने एवढ्या मोठ्या कलाकारासाठी हीच हिरवट-निळी चकती वापरली!

आता तक्रार. हक्क मोकळे झाले म्हणजे मूळ फीत, म्हणजे गाणं ज्यावर मुद्रित झालं ती टेप, हातात येते असं नाही. फीत मूळ कंपनीच्या तिजोरीत असते. मग बाहेरचा प्रकाशक आवाज कुठून आणतो? जुन्या रेकॉर्डवरून, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या सीडीवरून. त्यात चूक काही नाही, पण कव्हरवर तसं लिहायला हवं, आणि ते लिहिलेलं बहुधा नसतं. तेव्हा ते आपणच शोधायचं.

अल्बम मोनो असेल, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज असेल, तर एक सोपी युक्ती आहे. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. गाण्याच्या डाव्या आणि उजव्या बाजू वेगळ्या करा, एका बाजूची लहर उलटी करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर काहीच उरत नाही. फितीवरून घेतलेलं असेल तर फार तर बारीक सळसळ उरते. पण स्टिरिओ सुईने रेकॉर्डवरून घेतलेलं असेल, तर खोबणीतली धूळ आणि ओरखडे दोन्ही बाजूंना सारखे लागत नाहीत, ते उरतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अंगावर काटा आला. गायिका गेली, वाद्यवृंद गेला, आणि स्पीकरमधून नुसती चरचर येत राहिली. मूळ फीत म्हणून विकलेल्या अल्बमखाली कुणाच्या तरी घरातली, वाजवून वाजवून झिजलेली रेकॉर्ड होती. ती कुणीतरी खूप आवडीने ऐकली असणार.

उरलेल्या दोन परीक्षा थोडक्यात सांगतो. आवाजाचा वारंवारतेनुसार आलेख पाहा: साधारण १६ किलोहर्ट्झपाशी सगळं एकदम कड्यासारखं तुटत असेल, तर सीडी एमपीथ्रीवरून, म्हणजे आवाजातला काही भाग गाळून लहान केलेल्या फाइलवरून, बर्न केली असण्याची दाट शक्यता आहे. आणि बास एका कानात, झांजा दुसऱ्या कानात, मध्ये पोकळी असं ऐकू आलं, तर तो मोनोचा ओढूनताणून केलेला स्टिरिओ असू शकतो. कॅपिटॉल कंपनी १९६० च्या दशकात ‘ड्युओफॉनिक’ नावाने असे अल्बम विकत होती.

डाउनलोडमध्ये वेगळीच अडचण येते. तिथे नाव तेच असतं, मुद्रण तेच असेलच असं नाही. पियानोवादक मार्टिन डेनी यांच्या गटाचा ‘एक्झॉटिका’ घ्या. तो १९५७ मध्ये मोनोत निघाला. स्टिरिओचे दिवस आल्यावर १९५८ मध्ये त्यांनी तो पुन्हा पूर्ण वाजवला. तोवर व्हायब्रफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवणारे आर्थर लायमन गट सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी ज्युलियस वेक्टर होते. म्हणजे मोनो आणि स्टिरिओ या एकाच मुद्रणाच्या दोन आवृत्त्या नाहीत, दोन वेगळी वादनं आहेत. फाइलवर अल्बमचं नाव आणि चित्र एवढंच असेल, तर आपण कुणाला ऐकतोय ते कळायला मार्ग नाही. कव्हरच्या मागे वादकांची नावं, मुद्रणाची तारीख, क्रमांक असायचे. ते सगळं गळून पडलंय. म्हणून मी प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवतो: कुठून घेतला, कधी, मूळ रेकॉर्डचा क्रमांक, मोनो की स्टिरिओ, प्रत्येक गाण्याची लांबी सेकंदांत. लांबीवरून बऱ्याच लबाड्या उघड्या पडतात.

हे सगळं मला एका नुकसानीने शिकवलं. एका छोट्या प्रकाशकाकडून मी १९५९ चा एक अल्बम मागवला होता. नाव घेत नाही. बारा गाणी. सहा वर्षं छान वाजला, मग बारावं गाणं अडखळायला लागलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कड बिघडली की पहिला बळी शेवटचं गाणं. रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो, आणि मी ती चकती खिडकीजवळच्या फळीवर ठेवली होती. प्रकाशक तोवर बंद पडला होता. मी त्या अल्बमचा डाउनलोड घेतला. बारावं गाणं होतं, पण कानाला काहीतरी टोचलं. सीडीवरच्या लांबीशी ताडून पाहिलं: चार सेकंद कमी. शेवटचा ट्रंपेट विझायच्या आत कुणीतरी आवाज खाली ओढला होता.

त्या चार सेकंदांसाठी मी दीड वर्ष मूळ रेकॉर्ड शोधली. मिळाली तेव्हा धुतली, दोनदा वाळवली, सुई बदलली आणि मगच वाजवली. त्याच संध्याकाळी तिची फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी, प्रत केली आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली. आता माझ्याकडे येणारी प्रत्येक बर्न केलेली सीडी पहिल्याच दिवशी अशी उतरवली जाते. त्या फोल्डरमध्ये बारावं गाणं तीनदा आहे. पहिलं अडखळतं, दुसरं चार सेकंद आधी संपतं. तिसऱ्यात ट्रंपेट शेवटपर्यंत विझत जातो, मागे हलकी चरचर असते, आणि मग सुई आतल्या कोऱ्या खोबणीत शिरल्याचा टक् असा आवाज येतो. तेच तिसरं आता तुम्हाला ऐकवतो.