पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा

[गाडी मधल्या स्टँडवर. एक हात पुढचं चाक हळू फिरवतो. निवेदन एक पूर्ण फेरी झाल्यावर.]

टिक. टिक. टिक. एका फेरीत दहा वेळा.

बुलेटच्या या पुढच्या चाकाला ४० आरे आहेत. वीस या अंगाला, वीस त्या अंगाला. डिस्कच्या, म्हणजे ब्रेकच्या चकतीच्या, अंगाच्या विसांपैकी दहा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याच्या, कडेच्या आतून निघतात आणि दहा बाहेरून. आज या गाडीला नवं कॅलिपर बसवायचंय, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग. बाहेरून निघणारे ते दहाही आरे त्याला चाटून जातायत. हाताने फिरवताना नुसती टिक ऐकू येते. ताशी साठच्या वेगात हेच झालं, तर आरा तुटायला वेळ लागायचा नाही.

आपण वाळूजला आहोत. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, नगर रस्त्यावर. १९८५ साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांची वर्कशॉप्स उभी राहिली. ओतकाम, शॉकअब, डिस्क ब्रेक सगळं याच पट्ट्यात बनतं आणि ट्रक भरून बाहेर जातं. त्या मोठ्या गेटांच्या मागच्या अंगाला ही पत्र्याची शेड आहे. एक लेथ, एक जुनं मिलिंग मशीन आणि ज्यांना सगळे मामू म्हणतात ते मिस्त्री. मामूंच्या शेडवर पाटी नाही. पत्ता विचारला तर लोक म्हणतात, जिथे बुलेट उभ्या दिसतील तिथे थांबा.

ही बुलेट १९७९ ची. ३५० सीसी, मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरची. गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. हल्लीच्या पोरांना चालवायला दिली, तर पहिल्या चौकातच घोळ होतो. टाकीवरची सोनेरी रेघ हाताने मारलेली आहे, जवळून बघा, कोपऱ्यात ब्रश किंचित थांबलेला दिसतो.

गाडीचे मालक गंगापूरचे निवृत्त मास्तर. पुढचा मूळ ड्रम ब्रेक कसा होता, असं विचारलं तर म्हणाले, "तो ब्रेक नव्हता हो, विनंती अर्ज होता." म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी नंतरच्या मॉडेलचा डिस्कवाला शॉकअब आणि हब बसवून घेतला. जुनी रिम ठेवून आरे नवे भरले. २८० मिलिमीटरची डिस्क, दोन पिस्टनचं कॅलिपर. खरं सांगायचं तर तेवढ्यावर भागलं असतं. पण कॅलिपरच्या सरकत्या पिना धरायला लागल्या, एकच पॅड झिजू लागला, आणि तेवढ्यात मास्तरांच्या भाच्याने पुण्याहून चार पिस्टनचं कॅलिपर आणून दिलं.

[दोन कॅलिपर शेजारी शेजारी, वर्तमानपत्रावर. मामूंचं बोट.]

फरक इथे आहे. जुन्या कॅलिपरचे दोन्ही पिस्टन बाहेरच्या बाजूला आहेत. ते बाहेरचा पॅड डिस्कवर दाबतात आणि मग अख्खं कॅलिपर पिनांवर सरकून आतला पॅड ओढून आणतं. त्यामुळे त्याची आतली बाजू चपटी, दोन बोटांएवढी. नवं कॅलिपर जागचं हलत नाही. त्याचे दोन पिस्टन बाहेर आणि दोन आत. आतल्या दोघांना राहायला जागा लागते, आणि आत आरे आहेत.

आऱ्यांचं चाक समोरून बघा. हबपाशी रुंद, रिमकडे निमुळतं. टम्म फुगलेली भाकरी उभी धरल्यासारखं. म्हणजे कॅलिपर जितकं रिमकडे सरकेल, तितके आरे त्याच्यापासून लांब जातील. मामूंनी व्हर्नियर लावून पाहिलं, या चाकात दहा मिलिमीटर बाहेर गेलं की जेमतेम दीड मिलिमीटर सुटतो. म्हणून डिस्क ३०० ची घ्यायची ठरली. पण नुसत्या दीड मिलिमीटरवर मामूंचं समाधान नाही.

मामूंचं माप म्हणजे पाच रुपयांचं जुनं, जाडजूड नाणं. कॅलिपर आणि आरा यांच्यामधून ते न अडकता गेलं पाहिजे. चाळीसही आऱ्यांवर नाही, म्हणतात, फक्त त्या दहांवर, पण दहाच्या दहांवर. फट मोजायच्या पातळ पात्यांचं फीलर गेज आहे त्यांच्याकडे. ड्रॉवरमध्ये आहे.

कॅलिपर शॉकअबवर थेट बसत नाही, दोघांची भोकं जुळत नाहीत. मधे एक पट्टी लागते, आणि आमचा अर्धा दिवस या पट्टीतच गेला. आधी पुठ्ठ्याचा नमुना. पुठ्ठा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा आहे. भोक पाडलंय ते बरोबर 'आपल्या आगमनाभिलाषी'च्या खाली. नमुना लावायचा, चाक फिरवायचं, काढायचा, कात्रीने कोर छाटायची, पुन्हा लावायचा. असं सहा वेळा. सहाव्या वेळी मामूंनी पत्रिकेवर पेन्सिलने टिक केली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आता खरं काम सुरू."

१२ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी. भंगारात उचललेली नाही. कारखान्यातून उरलेला तुकडा, त्यावर ६०८२ हा ग्रेड ठोकलेला आहे. मऊ अॅल्युमिनियम इथे चालत नाही, कारण ब्रेक मारला की कॅलिपर डिस्कबरोबर पुढे पळू बघतं, आणि त्याला धरून ठेवणारी ही एवढीच गोष्ट आहे. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा १०.९ हा आकडा बघून घेतलेला. ८.८ चा डबा शेजारीच होता, मामूंनी तो लांब सरकवून ठेवला, चुकून हात जायला नको म्हणून.

[मिलिंग मशीन. दुधासारखं कूलंट. पट्टीची कडा चकाकते. निवेदन थांबेल, मशीनचा आवाज पूर्ण.]

कॅलिपरच्या दोन भोकांमधलं अंतर ४० मिलिमीटर. पहिलं भोक पडलं. दुसऱ्याच्या निम्म्यावर लाइट गेली.

वाळूजला मोठ्या कारखान्यांना वेगळी लाइन असते. मागच्या शेडींना नसते. सव्वा तास पट्टी मशीनमध्ये तशीच अडकून राहिली आणि मामूंनी कुणाला तिला हात लावू दिला नाही. हलली तर माप गेलं. चहा झाला, दुसरा चहा झाला. या पट्ट्यातले ब्रेक देशभर जातात म्हणे, आणि इथे एक भोक पाडायला विजेची वाट बघत बसायचं. असो.

लाइट आली. भोक पुरं झालं.

मग लेथवर दोन मिलिमीटरची एक चकती निघाली. ती हब आणि डिस्क यांच्यामध्ये बसते आणि डिस्कला तेवढंच बाहेर ढकलते. दिसायला सोपी आहे, पण दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर नसली तर डिस्क डुलते आणि लिव्हर बोटाखाली धडधडतं. डायल लावून चाक फिरवलं. काटा बघा, जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल.

आणि आरे. डिस्क हबला धरते, पण रस्त्यावर थांबतो तो टायर. मधला सगळा जोर आऱ्यांतून जातो. म्हणून कॅलिपर चढवण्याआधी मामू प्रत्येक आऱ्यावर पाना मारून ऐकतात. ताणलेला आरा टण्णकन वाजतो. या चाकात तीन आरे बद्द वाजले.

[पाना आणि आरे. निवेदन नाही.]

हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या जोराचा, हिशेब थोडक्यात. जुन्या कॅलिपरमध्ये २८ मिलिमीटरचे दोन पिस्टन होते. नव्यात प्रत्येक बाजूला एक ३० चा आणि एक ३४ चा. एका बाजूचं क्षेत्रफळ धरलं तर सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. पॅडवरचा दाब तितका वाढला, पण तितकंच तेलही जास्त लागणार. वरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर तेल खाली ढकलतो तो, १२.७ मिलिमीटरचाच ठेवला, तर लिव्हर मुठीला टेकेपर्यंत आत येईल. म्हणून १४ चा बसवला. बरेच जण इथे चुकतात. कॅलिपर मोठं आणतात, वरचं तसंच ठेवतात, आणि मग ब्रेक स्पंजी लागतो म्हणून कॅलिपरला शिव्या देतात.

तेल डॉट ४. मास्तर स्वतः ओलं फडकं घेऊन टाकीवर अंथरतात. हे तेल रंग खातं, आणि ती सोनेरी रेघ पुन्हा मारून देणारा हात आता शोधायचा कुठे? पाइपच्या जोडाला तांब्याचे वॉशर नवे. आता आतली हवा काढायची. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, बाटलीत थोडं तेल. मास्तर लिव्हर दाबतात, मामू निपल सैल करतात. आधी मोठे बुडबुडे, मग बारीक, मग साबुदाण्याएवढा एखादा. मग नुसतं तेल.

"दाबा, सर."

[लिव्हरवर मास्तरांची दोन बोटं. मग चेहरा. इथे काही बोलायचं नाही.]

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलताबाद. किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून रस्ता जातो, त्याच्या पुढे खुलताबादचा घाट. नवे पॅड लगेच कचकन दाबायचे नसतात. ताशी चाळीसवरून वीसवर, पुन्हा चाळीस, पुन्हा वीस, असं करत डिस्कवर त्यांचा थर बसू द्यायचा. धुक्यात मागून दिसतोय तो मास्तरांचा लाल मफलर.

आता राहिलेलं. या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक धरू न देणारी यंत्रणा, नाही. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना ते २०१९ पासून सक्तीचं आहे, १९७९ च्या गाडीला कोण विचारतो. पण वाळूवर पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर चाक धरेल आणि गाडी आडवी होईल. सगळा ओढा शॉकअबच्या एकाच पायावर येतो, त्याच्या बुशी बघत राहावं लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, आणि विमा कंपनीला कळवणं मास्तरांच्या यादीत आहे.

घाट उतरून गाडी पुन्हा शेडमध्ये, पुन्हा स्टँडवर. डिस्क अजून गरम आहे. मामू चाक फिरवतात आणि खिशात हात घालतात.

[नाणं. एक आरा. दुसरा. दहाव्यापर्यंत कट नाही. आवाज फक्त बेअरिंगचा.]