भिंतीला पोट सुटतं तेव्हा

(फक्त टकटक ऐकू येते. भिंत अगदी जवळून.)

ऐका. टक. टक. टक. आणि आता इथं बघा... बद. फरक कळला ना? सर हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत चाललेत, बाजारात बाई माठ वाजवून घेते तसं, आणि आवाज जिथं बदलला तिथं खडूनं फुली. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. भिंत दोन फुटाच्या वर जाड, कुणी बांधली ते घरात कुणालाच सांगता येईना. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघायल्यात, त्यांना अजून खात्री नाही की हा म्हातारा घर सांधायला आलाय का पाडायला.

सर म्हणजे सिव्हिलचे प्रोफेसर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता नातवंडं सांभाळायची सोडून गावोगाव लोकांच्या भिंती वाजवत हिंडतात. या व्हिडिओत नाव घालू नका म्हणाले, म्हणून आपण नुसतं सर म्हणू, तसंही आख्ख्या तालुक्यात त्यांना तेच म्हणतात.

(माळवद, वरून.)

हे माळवद. खाली लाकडाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि वर माती. सर असल्याच घरात वाढले. मिरगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा म्हणजे पावसात घर गळत नाही, आणि घमेली वर चढवायचं काम पोरांचं. गोम अशी की दरवर्षी नवा थर पडतो पण जुना काढत कुणीच नाही, आजोबांची माती, त्यावर बापाची, त्यावर आपली. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरली तर सहा-सात टन होते. हे गणित सरांनी कॉलेजात गेल्यावर मांडलं आणि त्या सुट्टीत घरी आल्यावर अंगणात झोपले, असं ते हसत सांगतात.

कॉलेज औरंगाबादचं, १९६० सालचं सरकारी इंजिनिअरिंग. बहात्तरच्या दुष्काळात सर तिकडं शिकायला आणि आई इकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला, खायला सुकडी नाहीतर ती लाल मिलो ज्वारी. सुट्टीत सरही जायचे खडी फोडायला, आणि परत गेलं की पेपरात त्याच खडीवर प्रश्न, फक्त तिथं तिला एग्रिगेट म्हणायचं. त्या वर्षांतला एकच फोटो मिळाला. जायकवाडीचं काम चालू आहे, पैठणला, शास्त्रीजींनी १९६५ ला पाया घातलेलं आणि १९७६ ला इंदिराजींच्या हस्ते उद्घाटन झालेलं धरण, मागं मातीचे ढीग, पुढं बेलबॉटममधली दहा-बारा पोरं. कडेला अर्धवट आलेत ते सर.

(नळदुर्ग, ड्रोन.)

हा शॉट जरा लांबलाय, माहीत आहे, पण कापवेना. बोरी नदीवरचं हे किल्ल्यातलं धरण आणि त्याच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं १६१३ चं काम. नर आणि मादी असे दोन धबधबे एकदम पडायलेत. दर पावसाळ्यात सर पोरांना एसटीनं इथं आणायचे आणि धरणावर उभं करून एकच प्रश्न विचारायचे, "सिमेंट कुठंय, दाखव." पोरं शोधत बसायची. सरांचं म्हणणं साधं होतं, की आपला सिलॅबस आरसीसीपासून सुरू होतो आणि मराठवाडा दगडात राहतो, मग ह्या पोरांनी परत गावी जाऊन करायचं काय?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जनाच्या मिरवणुका आटपून गावं नुकतीच आडवी झालेली. भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग तेव्हा झोन १ मधी, म्हणजे देशात सगळ्यात कमी धोक्याचा.

(जुनी किल्लारी. बाभळी. इथं निवेदन नाही.)

सर तिसऱ्या दिवशी पोहोचले. लोक ढिगारे उपसायलेत आणि हा माणूस पडक्या भिंतींचे फोटो काढतोय, वहीत मापं टिपतोय, तेव्हा शिव्या खाल्ल्या म्हणतात, आणि देणाऱ्यांचं चुकलं नव्हतं असंही म्हणतात. पण त्या वहीत एक गोष्ट आली. कित्येक घरांत लाकडाचे खांब आणि तुळया जागेवर उभ्या, आणि भिंती तेवढ्या कोसळलेल्या.

का, ते ह्या फुलीपाशी बघा. भिंत दिसायला एक, पण असतात दोन. एक आतली, एक बाहेरची, गोलमटोल दगड मातीत बसवलेले, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्हीला आरपार धरणारा दगडच नाही. पाणी मुरतं, मधलं खाली सरकतं, भिंतीला पोट सुटतं. हलली की आतली भिंत आत येते आणि बाहेरची बाहेर जाते.

आता हात बघा. मिस्त्रीमामा छोट्या पहारीनं फुलीवरच्या दगडाभोवतीची माती कोरतात. ठोकायचं नाही. दगड डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, दुखरा दात हलवावा तसा हलवत दोन्ही हातांनी बाहेर. मग मधला भराव चिमटीचिमटीनं काढायचा, हात जाईल एवढंच भोक, पलीकडच्या दगडावर हळूच टकटक, आतून सर ओरडतात "हाच, हाच!", मग तो दगड तिकडून काढायचा. भोक दोन्ही तोंडाला रुंद आणि मधी बारीक होतं, डमरूसारखं. थोडं तिरकं गेलं तरी चालतंय. त्यात निम्म्यापर्यंत काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी एकास दोनास चार, त्यावर दोन्ही टोकाला वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई, आणि वरून परत काँक्रीट ठासून. दहा दिवस पाणी मारायचं, दोन्ही बाजूनं. झाला दोन्ही भिंतींना आरपार धरणारा दगड. असं साधारण दर मीटरला एक. वर चौकटीच्या माथ्यावरून सगळ्या घराला पट्टा आणि माळवदावरची जादा माती खाली. झालं.

ह्याला ना मशीन लागतं ना बाहेरचा ठेकेदार. एका भोकाला दोन माणसांचा अर्धा दिवस गेला, आम्ही घड्याळ लावून बसलो होतो.

भूकंपात साधारण दहा हजार माणसं गेली. ५२ गावं उठून नवीन जागी बसली, जागतिक बँकेच्या कर्जातून, आणि ज्यांना जुनं घर मजबूत करायला पैसे मिळाले त्यातल्या बऱ्याच जणांनी शेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधली. दगडाखाली झोपायची भीतीच तेवढी बसली होती. सरांना ते लागलं, अजून लागतं. २००२ ला झोन १ नकाशातून गेला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मधी आला. पुढं बदल्या, प्रमोशन, रिटायरमेंट, त्यातलं काही शूट नाही.

(परत गाव. संध्याकाळ.)

मिस्त्रीमामांनी हात धुतले. मालकीणबाईंनी चहा आणला आणि विचारलं, "सर, देवळीच्या मागची भिंत पण वाजवून बघता का? तिथं दिवा ठिवते मी रोज."

सरांनी कप खाली ठेवला.

टक. टक. टक.