अर्पेज्ज्यो : तीन अक्षरांचा शब्द

(हार्पच्या तारा, अगदी जवळून)

तीन तारा, एकीमागून एक. एकदम छेडल्या असत्या तर कॉर्ड झाली असती. सुट्या केल्या, म्हणून अर्पेज्ज्यो. हार्पला इटालियनमध्ये 'आर्पा' म्हणतात, नाव त्यावरूनच आलं.

(पियानोवरची बोटं)

बाखचा सी मेजर प्रेल्यूड, म्हणजे छोटी वाद्यरचना, १७२२च्या संग्रहातला. जवळजवळ सगळाच अर्पेज्ज्यो.

(शिक्षिकेचा चेहरा, मग फक्त ओठ)

आता बोटं सोडा, तोंड बघा. अर्... पेज्... ज्यो. हनुवटी तीनदाच खाली येते आणि टाळी पडते मधल्या 'पेज्'वर. आघात तिथे. जीभ टाळूला लागते, क्षणभर तिथेच दबा धरते, मग सुटते. लिहिताना 'जी' दोनदा येतो तो यासाठीच: पहिला मधलं अक्षर मिटवतो, दुसरा शेवटचं उघडतो.

(छापील पान, arpeggio, बोट शेवटच्या तीन रोमन अक्षरांवर)

जी, आय, ओ. यातला 'आय' दिसतो, पण ऐकू येत नाही. तो नसता तर पुढच्या 'ओ'मुळे 'गो' वाचावं लागलं असतं. 'ग'चा 'ज' केला की त्याचं काम संपलं. आपल्या 'ज्योत'मधला 'य' असाच राबतो. 'जोर' म्हणा, 'ज्योत' म्हणा. जिभेला फरक कळतो.

(ऑर्केस्ट्राची तालीम)

बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या सुरुवातीला लिहिलंय 'अलेग्रो कॉन ब्रिओ', म्हणजे जलद, जोशात. इथे मात्र 'आय' पुरता बोलतो. ब्री-ओ, दोन अक्षरं, कारण आघातच त्याच्यावर आहे. कागदावर तशी खूण नाही. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तरच इटालियन ती न चुकता देते, एरवी भिस्त कानावर.

आपल्या क्लासांमध्ये हा शब्द इंग्रजीच्या वाटेने आला आणि चार अक्षरी 'अर्पेजिओ' झाला. पियानोवाल्याचं त्याने काही अडत नाही. इटालियन गाणाऱ्याचं अडतं, त्याला अक्षरागणिक स्वर वाटायचे असतात.

(व्हायोलिनचा गज, संथ)

आणि हा अदाज्यो, म्हणजे संथ लय. शेवट तोच, पण 'जी' एकच. जीभ अडत नाही, म्हणून आघाताचा स्वर पसरतो. अ... दाऽऽ... गज ओढला जातोय तोवर 'दा' चालू ठेवा, मग 'ज्यो' हलकेच सोडा.