चाकाखालचा उजेड

तो पंखा जरा कमी करता का? हे विमान दोन-तीन नाण्यांच्या वजनाचं आहे, वाऱ्याने सरकतं... हां, आता ठीक.

टेबलावर आहे ते नॅट या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ६.७ मीटर, इथे ९.३ सेंटीमीटर. डिसेंबर १९७१मध्ये श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊनच लढले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. म्हणून मॉडेलांच्या पहिल्या स्पर्धेला मी नॅट निवडलं, आणि फजिती झाली ती नेमकी त्याच्यावर.

माझा जन्म गेला ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये. तिथे सपाटी बघायची रीत साधी: जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, पट्टी कडेवर उभी करायची, मागून दिवा धरायचा. पट्टीखालून उजेड आला की जॉब परत. किती पोरांना मी हे शिकवलं असेल! आणि स्पर्धेच्या मॉडेलचं मी काय केलं? महिनाभर कॉकपिट रंगवत बसलो. सीटचे पट्टे सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे कापले. काच बसवल्यावर त्यातलं काही म्हणता काही दिसत नाही, ते सोडा. परीक्षक आले, गुडघ्यात वाकले, डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि टॉर्च विमानामागे धरला. डाव्या चाकाखालून उजेड आला. काही न बोलता ते पुढच्या टेबलाकडे गेले. मला तर बोलायला तोंडच नव्हतं.

तेव्हापासून माझं काम चाकांपासून सुरू होतं. घरातली एक जुनी आरशाची फरशी घेतली, तिच्यावर आलेख कागद चिकटवला. पाय लावले की विमान त्याच्यावर उभं करायचं आणि गोंद वाळेपर्यंत दर पाच मिनिटांनी समोरून, मागून बघायचं. नॅटचे पंख टोकाकडे किंचित खाली झुकलेले असतात. दोन्ही टोकं कागदापासून सारख्या उंचीवर हवीत.

मग सांधे. १/७२मध्ये अर्धा मिलिमीटर फट म्हणजे खऱ्या विमानावर ३.६ सेंटीमीटर. त्यात बोटं जातील, आणि असं विमान कुठला वैमानिक उडवेल? पातळ गोंद प्लास्टिक विरघळवतो, म्हणून दोन्ही भाग दाबून धरायचे, सांध्यातून मऊ प्लास्टिकची बारीक कड वर येऊ द्यायची आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. नंतर पाण्यात बुडवून पॉलिश पेपर, जाडापासून बारीक: चारशे नंबर, सहाशे, हजार. झालं असं वाटलं की चंदेरी रंगाचा एक हात मारा. डोळ्याला न दिसलेली रेघ चंदेरी रंग चहाडी करून सांगतो.

रंगाबद्दल ठाणेकरांना वेगळं सांगायला हवं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि लॅकर रंग दुधासारखा पांढरा होतो. येऊरच्या डोंगरावर ढग उतरला की मी स्प्रे कपाटात ठेवतो, स्पर्धा चार दिवसांवर आली असली तरी. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हांची चित्रं, लावायच्या आधी चकचकीत क्लिअर वॉर्निशचा हात द्या. खरखरीत मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि हवाई दलाच्या गोलाभोवती चंदेरी कडं दिसतं. मॅट वॉर्निश शेवटी. आणि काचेला इन्स्टंट गोंद कधीच नको, त्याच्या वाफेने काच आतून धुरकटते. साधं फेव्हिकॉल लावा, वाळल्यावर दिसतही नाही.

मागे कुणीतरी विचारलं, मॉडेल न्यायचं कसं? लोकलने. पण ठाण्याहूनच सुटणारी गाडी बघायची आणि सकाळची पहिली-दुसरी, म्हणजे बसायला मिळतं. मी बेकरीचा केकचा खोका वापरतो. तळाशी थर्माकोल, त्यात टाचण्या, टाचण्यांना कापूस गुंडाळलेला, त्यांच्यामध्ये विमान. मांडीवर खोका बघून शेजारचा हमखास विचारतो, ‘कुणाचा वाढदिवस?’ मी ‘नातवाचा’ म्हणून मोकळा होतो. नॅट आहे म्हटलं की कुर्ल्यापर्यंत झाकण उघडून दाखवावं लागतं, आणि एकदा त्या नादात नाकावरची सुई गेली ती गेलीच. आता खिशात तारेचा तुकडा, चिमटा आणि गोंद असतो.